भोपळ्याला पहिली सुरी

तेहतीस वर्षं मी मुलांच्या वह्यांवर भोपळे काढले. लाल शाईने, चांगले गोल गरगरीत. गणिताच्या वहीवर भोपळा मिळाला की पोरं घरी दाखवायला घाबरायची, आणि मग आई-बाप शाळेत यायचे. एवढे भोपळे काढूनही खऱ्याखुऱ्या भोपळ्यावर ब्रश चालवायची वेळ मात्र आली ती वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी! आणि तीही आळंदीत, इंद्रायणीच्या काठी, हॅलोवीनसाठी. हसा मंडळी, मीही हसले. पण आधी एक कबुली द्यायची आहे, ती दिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

२०२४ साली दिवाळीतली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. मी मुलाकडे मोशीला होते. पहाटे उठून सगळ्यांना तेल-उटणं लावलं, अंघोळी झाल्या, दारात नातीने डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, आम्ही सगळे "गोविंदा, गोविंदा" म्हणालो. सगळं कसं छान झालं. संध्याकाळी मी रांगोळी काढून मान वर करते तो काय, आकाशकंदिलाच्या शेजारी एक प्लॅस्टिकचा केशरी भोपळा लटकतोय. त्रिकोणी डोळे, करवतीसारखे दात, आत लुकलुकणारा दिवा. सूनबाईने ऑनलाइन मागवला होता. त्यांच्या सोसायटीतली मुलं रात्री तोंडं रंगवून घरोघरी चॉकलेटं मागायला फिरणार होती म्हणे.

माझं डोकंच फिरलं. फराळाला शेजारच्या चार जणी आल्या होत्या. त्यांच्या देखत मी म्हणाले, "आमच्याकडे सणाला दारात तोरण लावतात. भुताचं मुंडकं लावायची रीत तुझ्या माहेरची असेल."

सूनबाई काही बोलली नाही. उठली, भोपळा काढला, आत ठेवून आली आणि सगळ्यांना चहा दिला. तो भोपळा मला परत कधी दिसला नाही.

मास्तरकीची एक वाईट खोड असते. चारचौघांत चूक काढायची, म्हणजे सगळा वर्ग शिकतो! निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही. आणि गंमत बघा, त्याच दिवशी सकाळी आम्ही नरकासुर समजून कारीट चिरडलं होतं. कारीट कोण? काकडी-भोपळ्याच्याच कुळातलं कडू फळ. गोव्यात तर आदल्या रात्री पोरं जागून नरकासुराचे केवढाले पुतळे करतात, सुळे, वटारलेले डोळे, लोंबती जीभ, आणि पहाटे जाळतात. म्हणजे फळाला राक्षस मानायचं आणि भुताचं तोंड रंगवायचं, दोन्ही आपल्याकडे आहेच. पण हे सुचायला मला वर्ष लागलं. त्या संध्याकाळी जिभेला ब्रेक नव्हता.

मग २०२५ ची दिवाळी आली. भाऊबीज झाली आणि सुट्टी उरली होती म्हणून नात चार दिवस आळंदीला माझ्याकडे राहायला आली. आठ वर्षांची आहे. मला कागदाचे तुकडे चिकटवून वटवाघळं करताना बघत बसवलं होतं तिने. मी विचारलं, "हे कशाला गं?" तर म्हणाली, "हॅलोवीनला. पण ते तुला सांगायचं नाहीये."

"का बरं?"

"आई म्हणाली, आजीला आवडत नाही, तिच्यासमोर विषय काढू नकोस."

मुलांना खोटं बोलता येत नाही ते असं. ती पुन्हा कात्री चालवायला लागली. मी मात्र तिथेच बसून राहिले. आजीसमोर काढू नये असा विषय! मी शाळेत असताना मुलं मधल्या सुट्टीत सगळं माझ्यापाशी येऊन सांगायची, ह्याचा मला केवढा अभिमान. आणि घरची नात माझ्यापासून वटवाघळं लपवतेय.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "प्लॅस्टिकचा नको, खरा भोपळा रंगवूया का आपण?"

तिने असं काही बघितलं माझ्याकडे, की जणू मीच भूत आहे.

तर आम्ही दोघी पिशवी घेऊन भाजी आणायला निघालो. आमचा नेहमीचा भाजीवाला माझा जुना विद्यार्थी आहे, त्याच्या वहीवरही मी दोन-तीन भोपळे काढलेत. मला बघून त्याने सवयीने सुरी उचलली, "बाई, फोड केवढी देऊ?"

मी म्हटलं, "फोड नको. अख्खा दे."

त्याचा हात थांबला. काही बोलला नाही तो, पण त्याला माहीत होतं. २०१९ च्या पावसाळ्यात हे गेले, तेव्हापासून मी अख्खा भोपळा घरात आणलेला नव्हता.

आमच्याकडे, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडेही असेल, अशी पद्धत आहे की अख्ख्या भोपळ्याला किंवा कोहळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही. पुरुषाने एक घाव घालून द्यायचा, मग पुढचं विळीवर बाईने बघायचं. का, तर कोहळा हा बळीच्या जागी असतो. जिथे पूर्वी जीव द्यायची रीत होती तिथे कोहळा फोडून भागवतात. तेव्हा त्याला घाव घालणं म्हणजे बळी देणं, आणि जी जन्म देते तिने ते करू नये. माझ्या सासूबाईंनी मला हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि मी बी. ए. झालेली असूनही मुकाट्याने ऐकलं होतं.

हे भोसरीला एका कारखान्यात होते. खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, आणि शेवटी कोहळा फोडायचा, आत कुंकू भरून. ते काम ह्यांच्याकडे असायचं. घरी मात्र भोपळा कापायचा म्हटलं की ऐन वेळी गायब! मी हाका मारायची, "अहो, एवढी सुरी लावून द्या, माझी भाजी अडलीय." मग पेपर हातात धरूनच यायचे, एक घाव घालायचे आणि म्हणायचे, "झालं बाईसाहेब, मारला राक्षस." चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य किती वेळा ऐकलं असेन! तेव्हा त्याचा कंटाळा यायचा.

ते गेल्यावर पितृपक्ष आला. भाजीला भोपळा लागणारच, गवार-भोपळा नसला तर ते पान कसलं? भाजीवाल्याकडे उभी राहिले आणि लक्षात आलं, अख्खा नेला तर सुरी कोण लावणार? मुलगा मोशीला, त्याची चाकणला पाळी. मी म्हटलं, "फोड दे पावशेर." तेव्हापासून फोडच. कुणाला सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, पण घरात माणूस नाही हे मला दर वेळी त्या पावशेर फोडीने सांगितलं.

असो. तर साडेतीन किलोचा भोपळा घेऊन आम्ही घरी आलो. नातीने वाटेत तीनदा विचारलं, "आजी, ह्याच्यात म्हातारी मावेल का?" लेकीकडे तूप-रोटी खायला जाणारी, लठ्ठ होऊन भोपळ्यात बसून टुणुक टुणुक परत येणारी म्हातारी तिला पाठ आहे. तिने पुढे विचारलं, "त्या म्हातारीला अडवणारा वाघ आणि चांगदेवांचा वाघ एकच होता का?" आमच्या आळंदीची मुलं असंच विचारणार! इथे चांगदेव वाघावर बसून आले आणि माउली भावंडांसह भिंतीवर बसून सामोरे गेले, ती भिंत त्यांना दाखवलेली असते. मी म्हटलं, "नसावा, चांगदेवांचा वाघ माणसाळलेला होता."

घरी येऊन सहज कालनिर्णय बघितलं, तर आणखी एक गंमत. २०२५ च्या ३१ ऑक्टोबरला, शुक्रवारी, कार्तिक शुद्ध नवमी होती. म्हणजे कूष्मांड नवमी! कूष्मांड म्हणजे कोहळा. ह्या दिवशी विष्णूने कूष्मांड नावाच्या दैत्याला मारलं आणि त्याच्या अंगावरच्या केसांतून कोहळ्याचे वेल उगवले, अशी कथा आहे. म्हणून त्या दिवशी कोहळा दान करतात. ह्याच नवमीला आवळ्याच्या झाडाचीही पूजा असते. आवळा देऊन कोहळा काढायचा म्हणतात, तो आवळा आणि तो कोहळा एकाच तिथीला! वर्षानुवर्षं ही म्हण मी फळ्यावर लिहिली, आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं.

थोडक्यात, अमेरिकेत भोपळ्याला राक्षसाचं तोंड काढतात त्याच दिवशी आपल्या पंचांगात राक्षसाच्या अंगातून कोहळा निघालेला. हा निव्वळ योगायोग, तिथी दर वर्षी सरकणार. पण मला धीर द्यायला तेवढा पुरला.

आता रंगवण्याबद्दल. ज्यांना घरी करायचं असेल त्यांच्यासाठी नीट सांगते, कारण आमचा पहिला प्रयत्न साफ फसला.

पहिली गोष्ट, कोरायचा की रंगवायचा? अमेरिकेत कोरायला घेतात ते भोपळे आतून बरेच पोकळ आणि पातळ भिंतीचे असतात. आपला भोपळा जाड गराचा, भरीव. कोरायला मेहनत, आणि आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात कापलेला भोपळा दोन-तीन दिवसांत बुळबुळीत होतो, चिलटं येतात ती वेगळीच. न कापलेला, देठासकट, कोरड्या जागी ठेवलेला भोपळा मात्र महिना-दोन महिने सहज टिकतो. आमच्या लहानपणी माळ्यावर ठेवलेले असायचे. तेव्हा रंगवणंच बरं. शिवाय कोरायला सुरी लागते, आणि सुरीचं आमच्याकडे काय आहे ते सांगितलंच.

दुसरी गोष्ट, मी नातीला अट घातली. भोपळा हे अन्न आहे, नंतर आपण तो खाणार. तेव्हा दुकानातला ऑइल पेंट किंवा अॅक्रिलिक नाही. धुऊन जाईल असाच रंग. ती जरा हिरमुसली, पण मी म्हटलं, "भूत घरच्या मालातून करू."

आधी तिच्या खोक्यातला वॉटर कलर लावून बघितला. भोपळ्याच्या सालीवर मेणासारखा थर असतो. रंगाचे नुसते थेंब थेंब होऊन ओघळले, भोपळा रडल्यासारखा दिसायला लागला. मग भोपळा रिठ्याच्या पाण्याने खसखसून धुतला, कोरडा पुसला, उन्हात तासभर ठेवला. आणि मला शाळेतली खळ आठवली. पताका चिकटवायला आम्ही पातेलंभर खळ करायचो. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचा. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. ते विष, त्यामुळे अर्थातच घातलं नाही.

आपला भोपळा बाहेरून काही केशरी नसतो. हिरवट, पिवळट, तपकिरी पट्ट्यांचा. म्हणून खळीत गेरू आणि त्याच्या निम्मी हळद घातली. गेरूची लाली आणि हळदीचा पिवळा मिळून असा काही केशरी झाला, की नात म्हणाली, "आजी, हा तर ओरिजिनल!" पातळ एक हात, तो वाळल्यावर दुसरा हात. एकदम जाड लावला तर वाळताना पोपडे निघतात, हेही एकदा निघाल्यावर समजलं. डोळ्यांच्या पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ डिंकाच्या पाण्यात. काळ्यासाठी निरांजनाच्या ज्योतीवर वाटी धरून काजळी धरली, आणि तीही डिंकात खलली. काजळी धरताना तिला सांगितलं, माझ्या आईने मला असंच काजळ घातलंय. ब्रश बारीक लागतो तिथे काडीला कापूस गुंडाळला.

तोंड काढायची वेळ आली तेव्हा तिने आधी पाटीवर चार तोंडं काढली. एक रागावलेलं, एक हसरं, एक जीभ काढलेलं आणि एक उगाचच गंभीर. मी विचारलं, "हे चौथं कोण?"

"तू. पेपर तपासताना."

आम्ही हसरं घेतलं.

दुपारी भोपळा ओसरीवर वाळत ठेवला होता. वारकरी शिक्षण घेणारी मुलं आमच्या गल्लीतून जात-येत असतात, पांढरं धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, काखेत पखवाज. दहा-बारा वर्षांची चार जणं थबकली. एक म्हणाला, "आजी, हे काय केलंय?" नातीने भोपळ्याची सगळी कुंडली सांगितली. ती पोरं गंभीरपणे ऐकत होती. मग त्यातला सगळ्यात लहान म्हणाला, "पण ह्याला गंध कुठंय? आळंदीत राहायचं तर गंध लावायला लागतो."

झालं! त्याच्या पिशवीतून गोपीचंदन निघालं, बुक्का निघाला, आणि आमच्या भुताच्या कपाळावर दोन उभ्या रेघा आणि मधे काळा टिळा लागला. तुळशीची माळ मात्र मी घालू दिली नाही. त्या भुताचा चेहरा त्यानंतर असा काही सात्त्विक झाला की घाबरायचं कुणी?

शेजारच्या अण्णांना हे पसंत पडलं नाही. रोज हरिपाठाला जाणारे सज्जन गृहस्थ, मनाने वाईट नाहीत. कुंपणापलीकडून म्हणाले, "बाई, तुम्ही सुद्धा? माउलींच्या गावात इंग्रजांची भुतं?"

वर्षापूर्वी मी हेच बोलले होते, त्यामुळे त्यांचा राग आला नाही. उलट माझा आवाज बाहेरून ऐकल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "अण्णा, या, चहा घ्या, सांगते."

मी नातीच्या निमित्ताने थोडं वाचून ठेवलं होतं. हा सण मुळात आयर्लंडचा. सुगी संपून थंडी सुरू व्हायच्या संधीला मेलेली माणसं घरी फिरकतात असा तिकडचा जुना समज. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर सगळ्या संतांचा आणि २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा दिवस झाला. आपल्याकडे वसईला आणि गोव्यात त्या दिवशी लोक आप्तांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. एकोणिसाव्या शतकात बटाट्यावर रोग पडला, मोठा दुष्काळ झाला, लाखो आयरिश माणसं जहाजांनी अमेरिकेला गेली. तिथे त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. देश सोडला, सण बरोबर नेला, भाजी तेवढी तिथली घेतली. आपल्या परदेशातल्या पोरी केळीच्या पानाऐवजी कागदी ताटलीवर नैवेद्य दाखवतात, तसंच.

अण्णा म्हणाले, "ते ठीक आहे. पण आपलं ते आपलं."

मी विचारलं, "रविवारी कार्तिकी एकादशी. तुम्ही फराळाला काय खाणार?"

"काय म्हणजे? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, भोपळ्याचं भरीत."

"अण्णा, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो अमेरिका खंडातला. बटाटा तिकडचा. रताळं तिकडचं. खिचडीतले शेंगदाणे आणि मिरची तिकडचीच. आणि हा लाल भोपळासुद्धा! युरोपातले व्यापारी समुद्रमार्गे यायला लागले त्यानंतर ही सगळी मंडळी आपल्याकडे आली. माउलींनी समाधी घेतली १२९६ साली. त्यांनी ह्यातलं काहीही बघितलेलं नाही."

अण्णा चहाचा कप तसाच धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे उपास मोडला की काय आजवर?"

"मोडला कसा? देवाने चालवून घेतलं. त्याला आत घेतलंत, तर त्याच्या भुताला दोन दिवस ओसरीवर बसू द्या."

आपला मूळचा तो कोहळा, आणि वारकऱ्याच्या वीण्याचा कडू भोपळा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो, वाळवतात, आणि मिरजेचे कारागीर त्याच्या सतारी आणि तंबोरे करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि भोपळ्याला भयंकर तोंड काढून दाराला टांगायचं म्हणाल, तर कर्नाटक-तमिळनाडूकडे नव्या घरावर दृष्ट लागू नये म्हणून कोहळ्यावर राक्षसाचं तोंड रंगवून टांगतातच की. अण्णांना हे पटलं की नाही माहीत नाही, पण जाताना भोपळ्याकडे बघून म्हणाले, "गंध बाकी झकास लागलंय."

शुक्रवारी संध्याकाळी मुलगा नातीला न्यायला येणार होता. मी म्हटलं, मीही येते. भोपळा मांडीवर घेऊन मोशीपर्यंत गाडीत बसले. जिना चढताना छाती धडधडत होती, ती जिन्यामुळे नव्हती.

सूनबाईने दार उघडलं. आधी लेकीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या भोपळ्याकडे. त्याचं ते गंध, ते हसरं तोंड. ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, कारण वाटभर तेच घोकत आले होते, "गेल्या वर्षी मी चारचौघींत बोलले ते चुकलं माझं. माहेर काढायला नको होतं. हा दारात लावशील का?"

नेमक्या त्याच शेजारणीपैकी दोघी जिन्यात उभ्या होत्या. बरं झालं. चारचौघांत काढलेली चूक चारचौघांतच दुरुस्त व्हायला हवी.

सूनबाई म्हणाली, "आई, आधी बसा तर खरं. एवढं वजन घेऊन आलात." मग पाण्याचा पेला देताना हळूच म्हणाली, "माझ्या माहेरी खरंच नाही हो असं काही लावत." आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिचे डोळे भरले, माझेही भरले असतील, चष्म्यामुळे दिसलं नसावं.

ती नागपूरकडची. तिकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. लग्नानंतर तिने मला कोहळं आणायला सांगितलं आणि मी पांढरा कोहळा आणला, तेव्हापासून आमची विळ्या-भोपळ्याची मोट. तिला बोंडं करायची होती, माझा त्या दिवशी पेठा झाला. आता सांगायला मजा वाटते.

रात्री सोसायटीतली भुतं आली. चादर पांघरलेली, दात लावलेली, एक तर चक्क हेल्मेट घालून आला होता, त्याला विचारलं तर म्हणे, "मी खड्ड्यात पडलेला माणूस." चाकण रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना ह्याच्याहून भीतिदायक काय असणार! सगळ्यांना मी चिवडा आणि चॉकलेट दोन्ही दिलं. आमचा गंधवाला भोपळा दारात निरांजनाच्या उजेडात बसला होता. त्याला कुणीही घाबरलं नाही. बऱ्याच मुलांनी त्याला नमस्कारच केला.

रविवारी, २ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी. सकाळी सूनबाईने भोपळा धुतला. रंग सगळा वाहून गेला, खाली आपला हिरवट-पिवळा भोपळा जसाच्या तसा. भरीत करायचं होतं. तिने सुरी काढली, आणि थांबली. मुलगा रात्रपाळी करून झोपला होता.

"उठवू का त्यांना?" तिने विचारलं. "सुरी लावायला?"

इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून तिने ही पद्धत पाळली होती, तेही मला माहीत नव्हतं. मी खुर्चीतून उठले. म्हटलं, "झोपू दे त्याला. इकडे आण."

सुरी लावण्याआधी क्षणभर हात थांबला, खोटं कशाला बोलू. सासूबाई आठवल्या. हे पेपर घेऊन आलेले आठवले. मग मनात म्हटलं, दोन दिवस ज्याच्या कपाळाला आपण गंध लावलं, ज्याला मुलांनी नमस्कार केला, तो राक्षस कसला? तो भोपळाच. जड आणि घरच्या चार माणसांना पुरेल एवढा. सुरी रोवली, पण माझ्या हातात तेवढा जोर राहिलेला नाही, ती अर्ध्यात अडकली. सूनबाईने माझ्या हातावर हात ठेवून दाबलं, आणि नातीने वरून आणखी एक हात ठेवला. टचकन आवाज झाला आणि भोपळा उकलला. आत लख्ख केशरी. गेरू-हळदीने आम्ही बाहेरून जो आणायला धडपडलो, तो आत आधीच होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "झालं बाईसाहेब, मारला राक्षस."

नात म्हणाली, "कोण बाईसाहेब?"

मी म्हटलं, "तुझे आजोबा मला म्हणायचे."

सूनबाईने काही विचारलं नाही. तिने अर्धा भोपळा माझ्यापुढे सरकवला आणि दुसऱ्या अर्ध्याच्या बिया काढायला घेतल्या. भरतात दही आणि दाण्याचं कूट घातलं. उरलेल्याचे द्वादशीला घारगे झाले, आणि तिच्या पद्धतीची बोंडंही झाली. बोंडं जास्त चांगली झाली होती, हे मी तिला सांगितलं. चारचौघांत.

थोड्या बिया धुऊन, वाळवून आळंदीला आणल्यात. पाऊस पडला की परसात आळं करून लावणार आहे. वेल आला तर तुम्हाला कळवीनच. तोवर एक विचारते, तुमच्याकडे भोपळ्याला पहिली सुरी कोण लावतं? खरंखरं सांगा हं. वहीवर भोपळा देणार नाही.